पंख्याकडचं बेअरिंग

कागदाच्या कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. आधी कौतुकाने, नंतर कुचेष्टेने. शब्द तोच राहिला, म्हणणाऱ्यांचे ओठ तेवढे वाकडे झाले.

काम तसं डॉक्टरकीचंच होतं. यंत्र बंद पडायच्या आधीच ते आजारी आहे हे ओळखायचं. मोटारी, पंप, पंखे, सगळ्यांच्या अंगावर तिने काड्यापेटीएवढे सेन्सर चिकटवले होते. पाठीला चुंबक, पोटात बॅटरी. यंत्र किती थरथरतंय, किती तापलंय, हे तो सेन्सर सारखा तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कळवत राहायचा आणि पडद्यावर त्या यंत्राची रेघ सरकत राहायची. आतलं बेअरिंग झिजायला लागलं की माणसाच्या कानाला कळायच्या कितीतरी आधी ती रेघ कुरकुर करते. मग सवडीने यंत्र थांबवायचं, बेअरिंग बदलायचं, पुन्हा सुरू करायचं. ना धावपळ, ना कुणाच्या बोटाला इजा.

सासूबाईंना सुनेच्या कामाचा भारी अभिमान. शेजारणीला सांगायच्या, "आमची सून यंत्रांची डॉक्टर आहे हो." घरचा मिक्सर घरघरला की तिलाच हाक मारायच्या, "अगं, बघ गं जरा याला काय होतंय." मिक्सर दर वेळी खडखडीत बरा व्हायचा, कारण दर वेळी त्याचं झाकणच नीट बसलेलं नसायचं.

नवरा त्याच कारखान्यात देखभालीचा फोरमन. लग्नाच्या वेळी नुसता काडी होता, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं होतं ढोल्या. पुढे नावाला शोभेल असं पोट सुटलं, तरी ते नाव दोघांतच राहिलं. सासूबाईंच्या कानावरही कधी पडलं नव्हतं. कारखान्यात ती त्याला फोरमनसाहेब म्हणायची आणि तो तिला मॅडम, आणि मॅडम म्हणताना हळूच डोळा मिचकावायचा. तिच्या सगळ्या यंत्रणेचा पासवर्डही ढोल्याच होता. एकदा ती तापाने फणफणली असताना पंपाला रंग द्यायचा होता. सेन्सर नुसता उचलला तरी तिच्या फोनवर बोंब व्हायची, म्हणून ती बोंब थोडा वेळ गप्प कशी करायची हे तिने पांघरुणातूनच त्याला सांगितलं, पासवर्डसकट. तो खो खो हसला होता. "म्हणजे आख्खा कारखाना माझ्या नावावर चालतो म्हण की," म्हणाला.

तर गेल्या वर्षी मोठ्या पंख्याची रेघ कुरकुरायला लागली.

मोठा पंखा म्हणजे कारखान्याचं नाक. ओला कागद तापलेल्या रुळांवरून जाताना जी वाफ उठते ती हा पंखा ओढून बाहेर टाकतो. तो थांबला की कागद थांबला. त्याच्या दांड्याला दोन बेअरिंगं, एक पट्ट्याकडचं आणि एक पंख्याकडचं, आणि दोन्हींवर एकेक सेन्सर. पंख्याकडची रेघ चढत चालली होती. ती मोठ्या साहेबांकडे गेली, हट्टाला पेटली, ऐन ऑर्डरीच्या घाईत पंखा थांबवायला लावला. बेअरिंग काढताना ती खाली निघाली होती, तर नवराच म्हणाला, "तू कशाला त्या तेला-ग्रीसात येतेस? वर थांब. आम्ही घेऊन येतो."

ती वर थांबली. तिची चूक म्हणायची तर एवढीच, आणि ही चूक तिच्यासारखी माणसंच करतात. पडद्यावर सगळं दिसतं म्हटल्यावर जिना उतरायची सवय मोडते.

थोड्या वेळाने फिटरकाका बेअरिंग घेऊन वर आले आणि साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते ठेवलं. फिटरकाका कारखान्यातले सगळ्यात जुने, तिला "पोरी" म्हणणारे. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी ग्रीस पुसली. आतल्या गोळ्या आरशासारख्या लखलखत होत्या. एक चरा नाही.

"हे आजारी?" साहेब म्हणाले.

बेअरिंग पुन्हा होतं तिथे बसवलं गेलं आणि रेघ सरळ झाली. तिने ते दाखवलं, तर नवरा सगळ्यांसमोर समजुतीच्या सुरात म्हणाला, "बोल्ट ढिले असतील, मॅडम. आता आवळले गेले."

तेव्हापासून डॉक्टरीणबाई हा विनोद झाला. काही झालेलं नसताना पोट फाडणारी डॉक्टरीण! खुर्ची करकरली की लोक तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, ऑपरेशनला घ्या हिला. रेघ जरा हलली आणि ती काही सांगायला गेली की साहेब हात जोडायचे. ती घरी येऊन रडायची. एकदा नव्हे, कितीदा तरी. आणि नवरा तिचं डोकं खांद्यावर घेऊन थोपटत राहायचा. "असू दे गं. चुकतं माणूस. मी आहे ना." त्या खांद्यावर तिने ते आख्खं वर्ष काढलं. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं, असं तिला वाटायचं, आणि त्याच्याबद्दलची माया आणखी दाटून यायची.

मधे एकदा पंख्याकडची रेघ पुन्हा किंचित उचलली होती. तिने जेवताना नवऱ्याला सांगितलं, साहेबांकडे जायला धीर होत नाही म्हणाली. "थांब थोडी," तो म्हणाला. "दुरुस्तीचा वर्षाचा मोठा बंद येतोयच. मी लक्ष ठेवतो." पुढच्या दोन-तीन दिवसांत रेघ आपोआप खाली बसली. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. बरं झालं बोलले नाही, नाहीतर पुन्हा शोभा झाली असती.

आणि मग एका दुपारी, जेवणं आटोपून लोक हात धूत असताना, मोठा पंखा फुटला.

पंख्याकडचं बेअरिंग जाम झालं, दांडा वाकला, पाती भोवतीच्या पत्र्याच्या घरावर आदळली, पट्टे तुटून उडाले. आवाज ऐकून फिटरकाका बघायला पुढे गेले होते. तुटका पट्टा त्यांच्या उजव्या हातावर बसला आणि हाड दोन ठिकाणी मोडलं. ती जिना धडाधडा उतरून आली तेव्हा नवरा तिच्या आधीच तिथे पोचला होता, धुरातून सगळ्यांना मागे सारत होता. तिची नजर आधी काकांकडे गेली, मग सेन्सरकडे. तो पंख्याकडच्या बेअरिंगवर जिथल्या तिथे चिकटलेला होता. आणि वर पडद्यावर त्याची रेघ पंखा फुटेपर्यंत शांत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सगळे जमले.

"मॅडम, निरोग्याला तुम्ही आजारी म्हणालात," साहेब म्हणाले. "आणि मरणाऱ्याला ठणठणीत. हे खेळणं आता काढून टाकू. तुम्हाला दुसरीकडे कुठे बसवायचं ते बघतो."

तिने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता. मग जड आवाजात म्हणाला, "चूक आमचीही आहे, साहेब. माणूस पाठवून हाताने तपासायला हवं होतं. पण आलेख सरळ होता. आम्ही मॅडमच्या आलेखावर विसंबलो."

खोलीतल्या सगळ्यांनी मान हलवली. तिला ते लागलं. पण तिने स्वतःलाच समजावलं, खरं तेच बोलला की बिचारा. बायको म्हणून खोटं बोलायचं का त्याने?

साहेबांनी तिला आठवडाअखेरपर्यंतची मुदत दिली, काय चुकलं ते सांगा म्हणून. ती आपली चूक शोधायलाच बसली. चूक आपलीच असणार याची तिला एव्हाना सवय झाली होती. पंख्याकडची रेघ तिने मोठी करून पाहिली, मग ताडून बघायला म्हणून पट्ट्याकडची रेघ तिच्याखाली मांडली.

आणि बघतच राहिली.

दोन्ही रेघा जुळ्या होत्या. एक चढली की दुसरी चढत होती, तेवढीच, त्याच क्षणी. शेजारशेजारची असली तरी दोन बेअरिंगं कधी एकसारखा श्वास घेत नाहीत. पंख्याकडच्या बेअरिंगला पात्यांची घुमघुम जास्त ऐकू येते आणि पट्ट्याकडच्याला पट्ट्यांची फडफड. इथे दोन्हीकडे नुसती फडफड होती. पंख्याकडचा सेन्सर पंख्याकडे नव्हताच. रेघ 'आपोआप' खाली बसली त्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या शेजारी, निरोगी बेअरिंगवर जाऊन बसला होता. थर्मामीटर तापकऱ्याच्या काखेतून काढून शेजारच्या धडधाकट माणसाला लावावा, तसं.

सेन्सर कुणीतरी हलवला, आणि पंखा फुटल्यावर धुरात पुन्हा जागेवर आणून चिकटवला. मग तिच्या फोनवर बोंब कशी झाली नाही? कुणीतरी हलवतानाच ती गप्प केली होती आणि तशीच ठेवली होती म्हणून. आणि गप्प करायला पासवर्ड लागतो.

पासवर्ड होता ढोल्या. जगात ते नाव दोनच माणसांना ठाऊक होतं.

तरीसुद्धा मन किती शहाणं असतं बघा. घरी जाईपर्यंत तिने त्याच्यासाठी सबब शोधून काढली होती. माझं पुन्हा हसं होऊ नये म्हणून केलं असेल त्याने. वेडेपणा केला, पण माझ्यासाठी केला. वाटेत फिटरकाकांचं घर लागतं, तिथे ती त्यांची विचारपूस करायला थांबली. रेघ खाली बसली त्या दिवसांत पंख्याजवळ कोण गेलं होतं तेही त्यांना विचारायचं होतं.

काकांचं दार उघडंच होतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला खाली काहीतरी जडसं लावून ठेवलं होतं. ती पाय उचलून आत जाणार, तर तो पाय तसाच राहिला.

दाराला बेअरिंग लावलेलं होतं. भलंमोठं. ही साइज कारखान्यात एकट्या मोठ्या पंख्याला लागते. ती खाली वाकली. आतली कडी देवीच्या व्रणांसारखी खड्ड्यांनी भरलेली, गोळ्या काळ्यानिळ्या पडलेल्या, कोपऱ्यात सुकून चिकटलेली तपकिरी ग्रीस. कालचं फुटलेलं बेअरिंग तर तुकड्यातुकड्यांनी साहेबांच्या खोलीत पडलं होतं. आणि त्याआधी पंख्याचं बेअरिंग कधी बदललंच गेलं नव्हतं. गेल्या वर्षी काढलं, ते निरोगी निघालं, आणि तेच परत बसवलं. असंच सगळ्यांना माहीत होतं.

"काका, हे कुठलं?"

प्लास्टरमधला हात सावरत काका बाहेर आले. दाराकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"मला वाटलंच होतं, पोरी, एक दिवस तू या दारात येशील," ते म्हणाले. "फेकून देता येईना मला ते."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी ग्रीस बदलली होती. नवीन पिंप आलं, फोरमनसाहेब म्हणाले भरा. जुनी ग्रीस आधी धुऊन काढायला लागते, दोन जातींच्या ग्रीसचं एकमेकींशी जमत नाही, एकत्र आल्या की पातळ पाणी होऊन वाहून जातात. पण धुवायचं तर पंखा थांबवावा लागणार, म्हणून तशीच भरली. पंख्याकडचं बेअरिंग जास्त तापतं, ते कोरडं पडून जळालं. काढल्यावर सगळं उघड दिसत होतं. फोरमनसाहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, स्टोअरमधून नवं आणा, जुनी ग्रीस फासा आणि वर टेबलावर ठेवा. तेच परत बसवतोय असं सांगू.

"म्हणजे माझं निदान बरोबर होतं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर होतं. बेअरिंगला ग्रीस पोचवणाऱ्या नळ्यांत मात्र तीच राहिली, मिसळलेली. ती धुवायची म्हणजे पुन्हा का, कशाला, हे सांगणं आलं. म्हणून ते नवंही जळालं." काका खाली बघत होते. "ग्रीस भरली तो हात माझाच, पोरी. म्हणून मूग गिळून बसलो. तुझी टिंगल व्हायची तेव्हा मी डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसायचो."

"डबा घेऊन दुसरीकडे बसलात! फार उपकार झाले, काका," ती म्हणाली. त्यांच्या मोडक्या हाताची कीव येत होती आणि चीडही तेवढीच. तिने ते बेअरिंग दोन्ही हातांनी उचललं. दार मागे धाडकन आपटलं.

घरी नवरा चहा घेत बसला होता. तिने बेअरिंग त्याच्यासमोर ठेवलं. त्याने कप खाली ठेवला, इतका हळू की बशीचा आवाजही झाला नाही.

"सेन्सर तू हलवलास," ती म्हणाली. "तेही मी गिळलं असतं. पण हे?"

"ऐकून तरी घे. तेव्हा माझी नोकरी गेली असती. नवीन ग्रीस मीच पास केली होती. आणि तुझं काय होणार होतं? चार दिवस लोक हसतील, विसरतील, असंच वाटलं मला."

"वर्षभर हसले."

"मी होतो ना तुझ्याबरोबर! तुला एकदा तरी वाऱ्यावर सोडलं का मी?"

हे ऐकून तिला भयंकर संताप आला. हा माणूस खरोखरच स्वतःला तिचा आधार समजत होता. जखम याने केली, फुंकरही यानेच घातली, आणि फुंकरीचे उपकार वर.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. "काय झालं गं? काल काय झालं ते त्याने मला सांगितलंय. चुका होतात. पण माझ्या मुलाने तुला किती सांभाळून घेतलं, ते विसरू नकोस हो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आत्ता तरी बोल. निदान आईसमोर तरी बोल. तो टेबलाकडे बघत राहिला.

"सांभाळून घेतलं खरं," ती म्हणाली.

सासूबाई आत गेल्यावर तो जवळ आला. "सेन्सरचा चुंबक घसरला असं सांग साहेबांना. तुझाही दोष नाही, माझाही नाही. तुला दुसऱ्या खात्यात चांगली जागा मिळेल, मी बोलतो त्यांच्याशी. आपलं घर आहे गं. ढोल्यासाठी एवढं करशील ना?"

ते नाव त्याने तेव्हा घ्यायला नको होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं.

आठवडाअखेरीस साहेबांच्या खोलीत सगळे पुन्हा जमले. फिटरकाकाही गळ्यात हात अडकवून आले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. नवरा तिच्या समोरच्या खुर्चीत होता. रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता आणि तरीही तिच्याकडे बघून धीर दिल्यासारखी मान हलवत होता. तशी मान हलवायची त्याची जुनीच सवय.

"हं मॅडम," साहेब म्हणाले. "काय चुकलं?"

तिने पिशवीतून बेअरिंग काढलं आणि वर्तमानपत्रबित्र न पसरता सरळ टेबलाच्या काचेवर ठेवलं. काच वाजली. साहेब पुढे वाकले, बोटाने आतले खड्डे चाचपले.

"हे कुणाचं?"

"हा माझा गेल्या वर्षीचा पेशंट," ती म्हणाली. "ज्याला काही झालेलं नव्हतं तो."

कोपऱ्यात फिटरकाकांनी डोळे मिटून घेतले.

"मग तेव्हा या टेबलावर काय ठेवलं होतं?" साहेबांनी विचारलं. "आणि परवा तुमची रेघ सरळ कशी राहिली?"

सगळं तिच्या जिभेवर होतं. ती सगळं सांगणारच होती, त्याने नाही सांगितलं तर. पण आधी त्याला एक संधी द्यायची, असं ती पहाटे ठरवून आली होती. त्याच्यावरच्या मायेतलं तेवढंच उरलं होतं.

"ते फोरमनसाहेब सांगतील," ती म्हणाली.

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. त्याने ओठांवरून जीभ फिरवली, साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू हे मला घरी सांगायचंस तरी," तो पुटपुटला. "असं चारचौघांत..."

"मी वर्षभर तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला पहिल्यांदाच एकेरी बोलत होती. "घरी सांगायचं तर तेव्हा तू सांगायचंस."

त्याने मान खाली घातली आणि तो बोलायला लागला. ग्रीसच्या पिंपापासून.

तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही. ती उठून जिना उतरून खाली गेली. नवा पंखा बसवायचं काम सुरू होतं आणि पंख्याकडच्या बेअरिंगवर सेन्सर अजून कुणी लावला नव्हता.